कोपरा फाटलेलं कार्ड

॥ श्री ॥

उस्मानपुरा, औरंगाबाद
दि. १० ऑक्टोबर १९८६

चि. सौ. मनकर्णा हिस,
कारभारीदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडं सगळे धडधाकट आहोत, तुम्हा दोघांची खुशाली कळवणे.

चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यातली सहलीची नावं पक्की झाली. या खेपेला अडतीस. दिवाळी उरकली की शनिवारी, पंधरा नोव्हेंबरला, पाळी सुटल्यावर करारावरची एस. टी. निघेल आणि रविवारी दुपारच्या होडीनं आम्ही मोरबेटावर. बाया तुमच्या भाड्याच्या चार खोल्यांत, बाप्ये पडवीत, नेहमीसारखंच. नवीन लागलेल्या दोघांनी अजून समुद्र पाहिलेला नाही. त्यांना मी सांगून ठेवलंय की माझ्या बहिणीच्या दारापासून पाणी वीस पावलांवर आहे, आणि ते पिता येत नाही.

दाजींना सांग, मागच्या वर्षीसारखे सोलकढीचे दोन हंडे ठेवा. वेरूळच्या सरकारी विश्रामगृहात त्यांनी बारा वर्षं साहेबलोकांना जेवू घातलं, पण आमच्या कारखान्याची भूक त्यांनी तुझ्याशी लग्न करून बेटावर गेल्यावरच पाहिली.

एक विचारायचं होतं. पेपरात कोपऱ्यात छापून आलंय की खोल समुद्रात कुठल्या जहाजाचं पोट खडकावर फाटलं आणि तेल पसरतंय. ते तुमच्या बाजूचं तर नाही ना? भागूबाई आत्या म्हणते, एवढ्या पाण्यात तेल पडून पडून किती पडणार. तरी दोन ओळी टाक.

सौ. साळूचा नमस्कार. लोभ आहेच, तो जपून ठेव.

तुझा दादा

•

॥ श्री ॥

मोरबेट
दि. २१ ऑक्टोबर १९८६

ती. दादा यांस,
मनकर्णाचा शि. सा. नमस्कार. वि. वि. आम्ही बरे आहोत.

जहाज आमच्याच बाजूचं. आधी वास आला. हे उठून स्टोव्ह बघायला गेले, त्यांना वाटलं मी रॉकेल सांडलं. माझ्यावर चिडले पण. उजाडल्यावर ओहोटी लागली आणि बघतो तर सगळी पुळण, म्हणजे आमची ती पांढरी वाळू हो, दक्षिण टोकापर्यंत काळी. खेकडे जागच्या जागी चिकटलेले. बायका नुसत्या पदर नाकाला लावून उभ्या होत्या.

आता रोज सगळं गाव फावडी घेऊन उतरतं. काळी वाळू काढायची, वरच्या बाजूला खड्ड्यात टाकायची. सरकारी माणसं आली, बादल्या आणि गमबूट देऊन गेली. गमबूट सगळे एकाच मापाचे, त्यात यांचे पाय जात नाहीत आणि माझे बाहेर येत नाहीत. हातापायाचं डांबर आधी रॉकेलनं काढायचं आणि मग खोबरेल चोळायचं. जेवताना हाताला वास येतोच.

पण तुम्ही सहल मोडू नका. दिवाळीपर्यंत पुळण स्वच्छ होईल, सगळे तसंच म्हणतात. आमचं वर्ष या दोन महिन्यांवर असतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आत्याला सांगा, लई पडलं.

वहिनींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची मनकर्णा

•

॥ श्री ॥

उस्मानपुरा, औरंगाबाद
दि. ९ नोव्हेंबर १९८६

चि. सौ. मनकर्णा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्र लिहायला बसून तीन दिवस झाले, हात पुढं सरकत नव्हता.

सहल मोडली. पेपरात पहिल्या पानावर तेलात माखलेल्या पक्ष्याचा फोटो आला आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत अकरा जणांनी नावं मागं घेतली. संध्याकाळपर्यंत नऊ उरले. मी भांडलो गं. तुझं पत्र खिशात होतं, ते वाचून दाखवलं. पण त्यात तूच काळ्या वाळूचं लिहिलेलं. फोरमन म्हणाला, कारभारी, बहिणीसाठी जीव तुटतो ते समजतं, पण लेकराबाळांना डांबरात कुठं नेतोस. एस. टी. आता महाबळेश्वरला चाललीय. मी जाणार नाही.

मला राग कुणाचा आला तेच कळत नाही. जहाजवाला दिसला असता तर बरं झालं असतं.

मनकर्णा, मी एक बोलतो, वाईट वाटून घेऊ नको. आमची मागची खोली रिकामी आहे. वेरूळला दाजींना आजही लोक ओळखतात, विश्रामगृहात त्यांना कुणीही ठेवून घेईल. तू तीनशे मैलांवर खाऱ्या पाण्यात एकटी फावडं मारतेस आणि मी इथं पंख्याखाली हजेरी मांडतो, हे मला बघवत नाही. दोघं इकडं या. विचार कर, घाई नाही.

लोभ तर काय, रक्तातलाच आहे.

तुझा दादा

•

॥ श्री ॥

मोरबेट
दि. १८ डिसेंबर १९८६

ती. दादा यांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि. दोन पत्रांचं उत्तर एकदम देते. रागावू नका, दिवस मावळेपर्यंत अंगात काही उरत नाही.

पुळण आम्ही धुतली. खरोखर पांढरी केली, दादा. तरी भरतीबरोबर काळे गोळे येतात, बोराएवढे, कधी लिंबाएवढे. सकाळी वेचायचे, संध्याकाळी वेचायचे. मागच्या रविवारी पुण्याची दोन कुटुंबं होडीतून उतरली. मी धावत चहा टाकला. त्यांनी वाकून वाळू बघितली, एका बाईनं चपलेचा तळवा बघितला, आणि ती माणसं त्याच होडीनं परत गेली. चहा आम्ही दोघांनी प्यायला, सात कप. काळी झाली तेव्हा छापलं, धुतली ते कोण छापणार? मासळी बंदरावर कुणी घेत नाही. आता शहाळ्यालाही वास येतो म्हणतात. शहाळं का समुद्रात लागतं?

यांची वेरूळची सवय तुम्हाला ठाऊक आहे. पाहुणा असो नसो, रोज सकाळी चारी खोल्यांत धुतलेली चादर घालायची, कोपरे ताणून, सुरकुती म्हणून राहू द्यायची नाही. हे अजून घालतात. संध्याकाळी मी काढते. कुणी झोपलेलं नसतं, तरी हे दुसऱ्या दिवशी धुतात. मला आधी हसू यायचं, मग राग यायचा, आता काहीच येत नाही.

खोलीचं तुम्ही लिहिलंत. वाचलं. यांना अजून दाखवलं नाही.

आत्याच्या गुडघ्यांना खोबरेल चोळा, वहिनींना नमस्कार. आहे तेवढा लोभ पुरवून वापरू.

तुमची मनकर्णा

•

॥ श्री ॥

उस्मानपुरा, औरंगाबाद
दि. ८ फेब्रुवारी १९८७

चि. सौ. मनकर्णा हिस आणि जिवंत असलेल्या दाजींना,
कारभारीचे आशीर्वाद व नमस्कार. वि. वि. आम्ही नऊही जण सुखरूप पोचलो. आत्याच्या टाचेला अजून थोडं डांबर आहे. ती ते काढू देत नाही, आल्यागेल्याला दाखवते.

तिथं तीन दिवस रडण्यात आणि हसण्यात गेले, नीट सांगायचं राहूनच गेलं. म्हणून इथं काय घडलं ते लिहितो, म्हणजे तू आत्यावर राग धरणार नाहीस. तुझं कार्ड आलं तेव्हा मी कामावर होतो, साळू गावाकडं पिशोरला गेलेली. घरात एकटी आत्या. पोस्टमननं कार्ड तिच्या हातात दिलंच नाही. ओट्यावर ठेवलं, मान खाली घातली आणि एवढंच म्हणाला की शिक्का मोरबेटचा हाय, अक्षर बाईंचंच. आत्यानं बघितलं तर कार्डाचा वरचा कोपरा फाडलेला. आपल्यात कोपरा फाडून कार्ड कधी टाकतात ते तुला मी सांगायचं? आत्याला वाचता येत नाही, पण मयताचं कार्ड उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचं नाही आणि ठेवायचं नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक. तिनं ते तिथंच बारीक बारीक फाडून नालीत सोडलं आणि हंबरडा फोडला. अक्षर तुझं म्हणजे तू आहेस, म्हणजे दाजी गेले, असा सगळ्या गल्लीनं हिशेब लावला. मी आलो तेव्हा नालीत पाणी तेवढं वाहत होतं.

बेटावर ना तार, ना फोन. कुणाला विचारणार? शेजारच्या शफीकभाईनं आपण होऊन जीप काढली, जमिलाभाभीही निघाली. पिशोरहून आपले भाऊबंद कडूबा आणि पुंजाराम बायका घेऊन आले. साळूनं तुझ्यासाठी माहेरचं पांढरं लुगडं घेतलं. ते घेताना मी दुकानाबाहेर उभा राहिलो, आत जाववलं नाही.

आणि मग होडीचं नाक वाळूला लागलं, बायांनी गळा काढला, आणि दोर धरायला कोण आलं तर दाजी! आत्याचा सूर घशातच अडकला. जिवंत असल्याबद्दल तिनं त्यांच्या पाठीत दोन धपाटे घातले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

कारखान्यात मयताची म्हणून सुट्टी घेतली होती. परत आल्यावर सांगावं लागलं की गेलेला माणूस बरा आहे आणि त्यानं आम्हाला तीन दिवस कोंबडी खाऊ घातली. शफीकभाई जीपच्या अड्ड्यावर सगळ्यांना सांगतोय, जनाजे को गए और वलीमा खाके आए, म्हणजे मयताला गेलो आणि लग्नाचं जेवून आलो. वर हेही सांगतो की पुळण चांगली पांढरी आहे, मी स्वतः झोपलोय तिच्यावर. भाभीनं शिंपले खिडकीत मांडलेत.

खरं सांगू? समुद्र बघून मला आनंद झाला आणि त्याची लाज वाटली. आलो होतो कशाला आणि पाण्यात पाय सोडून बसलो. पण एवढ्या लांबच्या वाटेत मी जे डोळ्यांपुढं आणलं होतं ते खोटं निघालं, म्हणून बसलो.

आता एक सांग. कोपरा कशानं फाटला, आणि त्या कार्डात लिहिलं काय होतंस? आत्या रोज विचारते. तिला वाटतं काही शुभ असेल आणि आपण ते नालीत सोडलं.

लोभाला कोपरा लागू नये.

तुझा दादा

•

॥ श्री ॥

मोरबेट
दि. २० फेब्रुवारी १९८७

ती. दादा यांस,
मनकर्णाचा शि. सा. नमस्कार. वि. वि. पत्र पोचलं. जिवंत दाजींनी ते दोनदा वाचलं आणि आत्याला सांगा, पाठ अजून दुखते म्हणतात.

कोपरा मीच फाडला. गोळे वेचून आले आणि तशीच लिहायला बसले. हात पुसले होते, तरी कार्डाला अंगठ्याचा काळा डाग पडला. पोस्टात सगळ्या पत्रांना लागेल म्हणून तेवढा कोपरा फाडून टाकला. इतकी वर्षं इथं आले, तसलं कार्ड लिहायची वेळ कधी आली नाही, त्यामुळं ध्यानातच आलं नाही. तुम्हा नऊ जणांचा जीव मी काढला. याची भरपाई माझ्याकडं नाही.

आत काय होतं ते लिहिणार नव्हते. पण तुम्ही विचारलंत आणि मला खोटं जमत नाही. त्यात चारच ओळी होत्या. दादा, आम्ही थकलो. आज सकाळी यांनी चादरी घातल्या नाहीत. खोल्यांना कुलूप लावतो. माघ संपायच्या आत आम्हाला न्यायला या.

होडीत तुम्ही दिसलात तेव्हा मला वाटलं, कार्ड वाचून आलात. मी ट्रंक भरून ठेवली होती. दोघांना न्यायला एवढी माणसं कशाला, एवढाच प्रश्न पडला. मग आत्याचा सूर ऐकला. सगळा उलगडा व्हायच्या आत हे दोर सोडून धावत घरात गेले. मला वाटलं धपाट्यांनी चिडले. आत जाऊन बघते तर कपाटातून चादरी काढून चारी खोल्यांत घालत होते, कोपरे ताणून. माझ्याकडं बघून म्हणाले, पाहुणे आलेत गं, नऊ आहेत, तांदूळ निवडायला घे.

त्यानंतर तुम्हाला काय सांगू? आत्या तीन दिवस ज्या खाटेवर झोपली तिच्याच खाली ती ट्रंक होती. तुम्ही खोलीचं पुन्हा विचारलंत तेव्हा मी मासा तळायला आत निघून गेले ना, ते त्यासाठी. मी हो म्हटलं असतं तर तुम्ही जीपमध्ये जागा केली असती. पण कितीतरी महिन्यांनी माझ्या पडवीत भांडण चाललं होतं, कुणाला खिडकीजवळ झोपायचं म्हणून. ते मला ऐकायचं होतं.

तुम्ही गेल्यावर चादरी धुवायला काढल्या. कडूबाभाऊंच्या चादरीत वाळू, भाभींच्या उशीखाली विसरलेला शंख, आत्याच्या चादरीला डांबर. ते निघत नाही, मी घासणंही सोडलं. दुसऱ्या दिवशी उठले तर हे खोल्यांत. चादरीचं एक टोक यांच्या हातात होतं, मी दुसरं टोक धरलं.

सगळं ठीक झालं असं समजू नका. गोळे येतातच. परवा एक होडी आली, चार माणसं उतरली, त्यांतली दोन परत गेली. दोन राहिली. हे म्हणतात पावसाळा संपेपर्यंत बघू. मला पुढचं दिसत नाही आणि बघायची ताकदही फारशी नाही. पण ट्रंक रिकामी केली. वहिनींनी आणलेलं ते पांढरं लुगडं तसंच घडीत होतं. त्याचे चार पडदे शिवले, चारी खोल्यांना एकेक. वाऱ्यानं चांगले हलतात. वहिनींनी मनात काही आणू नये, लुगडं वाया जाऊ दिलं नाही एवढंच.

मागची खोली मात्र कुणाला देऊ नका. ती आहे म्हणून मला इथं राहता येतं.

आत्याला सांगा, नालीत गेलं ते बरंच झालं.

माझ्यासाठी एवढे रडलात, तेवढाच लोभ हसतानाही असू द्या.

तुमची मनकर्णा

ता. क. पत्र टाकायच्या आधी हात तीनदा धुतले. चारही कोपरे शाबूत आहेत. वाचायच्या आधी आत्याच्या हातात देऊन तिला बोटांनी चाचपू द्या.