कडू भाकर

१२ नोव्हेंबर १९६२
आज पुन्हा! शाळेत शिकवून आले तर भावजय चुलीपुढं उकिडवी बसून सकाळच्या भाकरी कोरड्याच कोंबत होती. लेकरू जाऊन चार महिने झाले आणि इंदूचं अंग सुटतच चाललंय. म्हटलं, "मेलेल्याच्या वाटणीचंही तूच खा." रडली. रडता रडता चावत होती! भाकरीच्या डब्याला कुलूप घातलं.

१९ नोव्हेंबर
श्रावणनं तिला नागपूरला मनाच्या डॉक्टरकडे नेलं. माझा धाकटा भाऊ — आई गेल्यावर मी वाढवलेला, त्याच्यासाठी मी दुसरा घरोबा केला नाही — आणि मला न विचारता!
औषध काय, तर बोलणं! डब्याचं कुलूप काढा. खावंसं वाटलं की आधी बसायचं, मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं. घरच्यांनी नुसतं ऐकायचं. नंतरही भूक असली तर खायचं. मला हसू आवरेना.

२७ नोव्हेंबर
वाटलं, लेकराचं नाव घेईल. पण रोज एकच — "बाईनं भाकर वापस धाडली. मले तवा मांडाले लावला." बाई म्हणजे मी.
लेकरू पुरलं त्या दिवशी शेजारची कांताबाई कडू भाकर घेऊन आली होती, वर कडुलिंबाचा पाला. दुःखाच्या घरी चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांनी घास भरवायचा — असलं जुनं आपण छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच सोडलं. दारातूनच परत पाठवली. आलेल्या माणसांना जेवायला नको? इंदूला उठवून परातीशी बसवलं. माझं काय चुकलं?

५ डिसेंबर
आज श्रावणनं ते ऐकलं. "बाई, त्या दिवशीच्या भाकरी इच्या हातच्या होत्या? अन् मी खाल्ल्या?"
"मग काय मी थापणार होते?"
उठून बाहेर गेला. जेवला नाही.

९ डिसेंबर
इंदू दीड भाकर खाऊन उठली, आपण होऊन! उरलेल्या तिच्या ताटात टाकल्या — "खा, लाजू नको." शिवलीसुद्धा नाही. मेली!

१६ डिसेंबर
श्रावणनं पांढरकवड्याला ट्रक दुरुस्तीचं काम धरलं. तिला घेऊन गेला. "तिले आता इथं नाही ठेवत मी." पाणीही प्यायला नाही. जाईना का! येईल महिन्याभरात, माझ्याच हातचं खायला.

१७ डिसेंबर
कांताबाई फडक्यात भाकर घेऊन आली. वर लिंबाचा पाला. म्हटलं, "माझ्या घरी कोणी मेलं नाही."
"माहीत हाय मले, बाई," म्हणाली आणि ठेवून गेली.
उभ्यानंच खाल्ली. मग तिघांच्या थापल्या. त्याही खाल्ल्या.