खात्रीची फाइल

सोमवार, ३ तारीख

नवी विटी, नवं राज्य! आजपासून टेपांच्या दुकानात रुजू झाले. लोक घरातल्या जुन्या व्हिडिओ टेपा आणून देतात, आम्ही त्या कॉम्प्युटरवर उतरवून, साफसूफ करून परत देतो. दुकान दुसऱ्या मजल्यावर, खाली चष्मेवाला. पुढच्या खोलीत गिऱ्हाइकांचं टेबल, मागच्या खोलीत यंत्रं. मागे खिडकी नाही, पण पंखा असा दणदणीत आहे की कागदावर कप ठेवावा लागतो. मालक पन्नाशीचे, मऊ बोलणारे. चहा स्वतः करतात आणि माझाही कप विसळून ठेवतात. असा मालक मिळायला भाग्य लागतं.

काम समजावताना त्यांनी एकच गोष्ट विचित्र सांगितली. ‘जुनं’ नावाचं एक फोल्डर आहे. त्यात व्हिडिओ टाकण्याआधी गिऱ्हाइकाला विचारायचं, की ह्यातली सगळी माणसं वारलेली आहेत ना? एक जरी हयात असेल तर तो व्हिडिओ दुसरीकडे. मी विचारलं, मेलेल्यांची वेगळी आळी कशाला? ते हसले नाहीत. हे फोल्डर उघडलं की फाइल मॅनेजर धाडकन बंद पडतो. म्हणून फाइल वरूनच ओढून आत टाकायची, आणि लागली तर नावानं शोधायची. बरीच वर्षं असंच चाललंय म्हणे, त्याच्या नादी लागू नकोस.

घरी येऊन टिमकीला सांगितलं. टिमकी म्हणजे माझी धाकटी बहीण. तोंड सतत वाजत असतं म्हणून टिमकी. आई गेल्यापासून मला तीच आणि तिला मीच. ती म्हणाली की ताईला ‘नादी लागू नकोस’ सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं. खरंच आहे म्हणा.

बुधवार, ५

मालक बाहेर गेले होते, तेवढ्यात ‘जुनं’ला हात घातला. अशा वेळी दोष बहुतेक छोट्या चित्रांचा असतो. व्हिडिओंचं फोल्डर उघडलं की फाइल मॅनेजर प्रत्येक फाइलमध्ये डोकावतो, तिच्यातलं एखादं चित्र उचलतो आणि दाखवायला मांडतो. एखादी फाइल कुजकी निघाली की तिच्यात डोकावताना कोसळतो. म्हणून छोटी चित्रं बंद केली. कोसळला. साठवलेली चित्रं पुसली. कोसळला. नवा फाइल मॅनेजर घातला. तोही कोसळला, आणि जरा जास्तच उत्साहानं! मग अर्ध्या फाइली एकीकडे, अर्ध्या दुसरीकडे केल्या. ज्या अर्ध्यात दोष तो अर्धा धरायचा, पुन्हा अर्धा करायचा, शेवटी चोर सापडतो. इथे दोन्ही अर्धे कोसळले. म्हणजे सगळेच चोर? मला असं आव्हान मिळालं की भूक लागत नाही.

गुरुवार, ६

आज एक शहाणपण केलं. दोष फोल्डरचा की फाइलींचा, हे ठरवायला खात्रीची फाइल लागते, शंभर टक्के चांगली असलेली. माझ्या फोनमध्ये टिमकीचा व्हिडिओ आहे, ओले केस पुसत बेसूर गाते आणि मग स्वतःलाच हसते तो. दुसऱ्या फोल्डरात ठेवला, छान उघडला. ‘जुनं’मध्ये टाकला, फाइल मॅनेजर कोसळला. तिथून उचलून पुन्हा पहिल्या फोल्डरात आणला, तर आता तिथेही कोसळतो! म्हणजे दोष लागट आहे. एकदा लागला की फाइल जाईल तिथे जातो. मी टाळ्याच वाजवल्या. व्हिडिओ ‘जुनं’मध्ये परत टाकला आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा पुन्हा उघडून बघितलं. मोजलं नाही.

घरी आले तर टिमकीचा ओठ फाटलेला. जिन्यात पडली म्हणाली. कशी पडली ते आठवत नाही. गुडघे, कोपर, हनुवटी, सगळीकडे खरचटलेलं. एका पडण्यात इतकं लागतं? मी म्हटलं, चालताना तोंड बंद ठेवत जा.

शुक्रवार, ७

‘जुनं’वरच काम केलं. दुपारी टिमकीचा फोन आला, आवाज बारीक. चहाचं आधण ओतत होती. मधलं काही आठवत नाही, जमिनीवर होती आणि हात भाजलेला. दोन दात पडलेत. डॉक्टरांनी डोकं तपासलं, काही नाही म्हणाले.

फोन ठेवून मी कामाला लागले. हे आज लिहून ठेवते, कारण मला त्याची लाज वाटतेय.

रविवार, ९

काल आणि आज दुकान बंद. टिमकी एकदाही पडली नाही. नळीनं सूप पिते आणि बोबडं बोलून मला हसवते.

मला हसू येत नाही. एक विचार आलाय. लिहीत नाही.

सोमवार, १०

विचार खोटा ठरवायचा होता. देवाशपथ, एवढंच.

तिला फोन केला. पलंगावर बस म्हटलं. ती शेजारणीच्या कुत्र्याचं काही सांगत होती. बोलतं ठेवलं आणि ‘जुनं’ उघडलं. इकडे फाइल मॅनेजर बंद पडला, तिकडे शब्द अर्ध्यात तुटला. मग पलंगावरून काही घसरल्याचा आवाज. मग तिनं विचारलं, की ताई, तू कधी फोन केलास?

एकदा झालं तर बोलाफुलाला गाठ पडली म्हणतात. म्हणून मी पुन्हा उघडलं.

पुन्हा तिनं विचारलं, की ताई, तू कधी फोन केलास.

हात दाखवून अवलक्षण. माझा हात, आणि अवलक्षण तिच्या अंगावर.

मंगळवार, ११

मालकांना सांगितलं. ते चहा गाळत होते, गाळतच राहिले. म्हणाले, तुला सांगितलं होतं, वारलेल्यांचेच टाकायचे. मेलेले पडत नाहीत. त्यांनीही एकदा बायकोचा व्हिडिओ चुकून टाकला होता. ती पडायला लागली तेव्हा घाबरून फाइल पुसून टाकली. बायको तेव्हा कपडे वाळत घालत होती. पडली ती उठलीच नाही.

मी म्हटलं, निदान आता कुणी त्यात शोधू नका. नुसतं शोधलं तरी ती पडते, सकाळी तुम्ही शोधलंत तेव्हा पडली. ते म्हणाले, गिऱ्हाईक दारात उभं असतं, शोधावं तर लागणारच. आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, की फार दिवस चालत नाही हे. ती गेली की त्रास संपतो.

मग माझा कप विसळला.

बुधवार, १२

फाइल पुसता येत नाही. हलवताही येत नाही. एका डिस्कवरून दुसरीवर हलवणं म्हणजे नक्कल करून मूळ पुसणं. म्हणून बाहेरून जोडलेली ती अख्खी डिस्कच तारेसकट काढली. मालक पुढे गिऱ्हाइकाशी बोलत होते. पिशवीत घातली आणि निघाले. जिन्यात एकेक पायरी धरून—

घरी. टॉवेलात गुंडाळून कपाटात, लोकरीच्या कपड्यांखाली. टिमकीनं विचारलं, काय आणलंस. कामाचं आहे म्हटलं. आणखी काय सांगणार? तुझे दात मी पाडले?

शनिवार, १५

पडली नाही. ओठ भरत आलाय. आज गुणगुणत होती, बेसूरच. मी मोरीत जाऊन रडले.

मालकांचे फोन येतात. उचलत नाही. ही डिस्क जन्मभर सांभाळीन. कुणी उघडली नाही म्हणजे झालं. एवढंच तर करायचंय—

दुपार. स्वयंपाकघरात बसलेय. टिमकी आत लॅपटॉप घेऊन—

काहीतरी पडलं. खुर्ची असेल.

इथून कपाट दिसतंय. उघडं आहे. लोकरीचे कपडे खाली, टॉवेल—

तिला आठवत नाही. पडली की आधीचं काही आठवत नाही. म्हणजे आपण ते उघडलं होतं हेही तिला—

पुन्हा आवाज. जड.

हाक मारली. ती आतून हसून विचारतेय, ताई, तुझं हे उघडायला गेलं की लगेच बंद का