वरची कडी

२४ नोव्हें., सोम.
दिवाळीची सुट्टी संपली, शाळा लागली. नात दिव्या तिसरीत, तिच्या वर्गाला नव्या बाई आल्यात. पोरांना गोल बसवून चित्रांचं पुस्तक वाचून दाखवलं म्हणे. पोरीनं ते घरी आणलं, मी पाहिलं. म्हैस तळ्यातून बाहेर यायला तयार नाही, एवढीच गोष्ट. अख्ख्या पुस्तकात नऊ ओळी, बाकी म्हैसच म्हैस. ह्याचा पगार घेतात. आम्हाला गुरुजींनी चौथीपर्यंत पाटीवर गिरवायला लावून बोटं सोलली तेव्हा कुठं अक्षर आलं.
"आजी, तू पण रोज लिहायचंय. घरात कोणी लिहिताना दिसलं की मुलं लिहितात, बाई म्हणाल्या."
बापाला सांग म्हटलं.
"पप्पा मिलमधून आले की झोपतात."
म्हणून मी. वही तिचीच, गेल्या वर्षीची, अर्धी कोरी.

२६, बुध.
स्टोन चिकटवायला साड्या आल्या. जांभळा रंग, डोळे फुटायची वेळ. दि. बाजूला बसून म्हैस मोठ्यानं वाचत होती. बाईंसारखी मध्येच थांबते, पान उलटत नाही. "आता पुढे काय होईल?"
"दूध काढतील. म्हशीचं दुसरं काय होणार?"
लोळून लोळून हसली. ते लिहून शाळेत नेलं. बाईंनी वर्गात वाचलं, पोरं हसली. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

२९, शनि.
आधी दि. चं अक्षर कसं छापल्यासारखं. फळ्यावरचं उतरवायची. दुसरीत 'माझी आई' उतरवून आणलं होतं. आई पहाटे उठते, सडा घालते, मला प्रेमाने भरवते. घरात आई नाही तीन वर्षं, पांडेसऱ्याच्या ह्या खोलीत सडा घालायला अंगण नाही. तरी दहापैकी नऊ.
ह्या बाई उतरवू देत नाहीत. म्हणतात, चित्रात दिसतं ते पुन्हा लिहू नका, चित्रात नाही ते लिहा. जे तुम्ही एकट्यानंच पाहिलंय ते लिहा.
आता अक्षर कोंबडीच्या पायासारखं. पण लिहिते. ताट निवून जातं, उठत नाही.

२ डिसें., मंगळ.
अक्षराचा जाब विचारायला शाळेत गेले. बाई अगदी पोरगेली, अंगावर सुती ड्रेस. "बसा आजी, वाचतोय आम्ही." सतरंजीवर पोरांत बसवलं मला. गुडघे बोंबलले. पण वाचते चांगली. ओरडत नाही, नाटक करत नाही. थांबली की तीस पोरं श्वास रोखतात. मला पुढचं पान बघायचं होतं, तर मेलीनं पुस्तक मिटलं. म्हणे आता लिहा.
जेवता जेवता ताट ओढायची रीत आहे ही.
शनिवारी १३ ला पालकांना बोलावलंय. प्रत्येक पोराचं स्वतःचं पुस्तक करणार, आठ पानी. चित्र त्याचं, ओळी त्याच्या. बाई ते सगळ्यांसमोर वाचणार.

५, शुक्र.
दि. चं पुस्तक झालं. नाव 'आमचं दार'. मी हसले, दारावर काय लिहिणार कार्टी?
पान १, हिरवं दार. पान २, दाराबाहेर चपला. पान ३, तिची आई, हातात पिशवी.
पान ४ वर नुसतं दार, आतून. माणूस कोणी नाही. खाली लिहिलंय,
मम्मी मला सोडून गेली नाही. तिनं माझा हात धरला होता. आजीनं मला आत ओढलं आणि वरची कडी लावली. माझा हात पुरत नव्हता.
पाच वर्षांची होती तेव्हा. मला वाटलं होतं, ह्या वयाचं काय लक्षात राहतं.
पान फाडलं. गॅसवर धरलं.
दि. रडली नाही. बघत राहिली.

६, शनि.
मी काय वाईट केलं? सून चालली होती चलथाणला भावाकडे. त्याच्याच घरात पाय ठेवायला जागा नाही, तिथं पोरीला कुठं लोळवणार होती? माझ्या भूषणनं दोनदा हात उचलला होता तिच्यावर, नाही म्हणत नाही. माझ्यावर ह्याच्या बापानं किती वेळा उचलला? मी गेले का पिशवी घेऊन?
भू. मिलमधून आला तेव्हा सांगितलं, पोरीला टाकून गेली, मागं वळूनही पाहिलं नाही. एवढंच वाक्य. त्यावर तीन वर्षं तो चलथाणला गेला नाही. तो झोपलेला असताना तिनं फोन केले ते मी कापले. पोर माझ्यापाशी राहिली, शिकली, जेवली. नाहीतर

९, मंगळ.
दि. नं पुन्हा लिहिलं. तेच दार, त्याच ओळी. मी पुन्हा फाडलं.
"फाड. मला पाठ आहे."
आठ वर्षांची पोर. हात उचलला होता मी, खाली घेतला.

११, गुरु.
तिसऱ्यांदा शाळेतच लिहिलं, पुस्तक बाईंच्या कपाटात. मी शाळेत गेले.
"पोर खोटं लिहिते, बाई."
"खोटं आहे का, आजी?"
सरळ विचारलं. मी साडीचा पदर नीट केला. म्हटलं, घरातली गोष्ट चार लोकांत वाचतात का?
"दिव्या नको म्हणाली तर नाही वाचणार."
दि. ला बोलावलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "वाचा."
घरी भू. ला म्हटलं, शनिवारी तू कशाला खाडा करतोस, मी जाते ना.
"नाही माय. पहिल्यांदा तिनं मला चिठ्ठी लिहिलीय. बदली माणूस लावलाय."

१३, शनि.
भू. साबणानं हात घासून आला तरी नखांत मिलचा निळा रंग होताच. मागं बसला. मी त्याच्या शेजारी.
दि. चं पुस्तक चौथं. तिसऱ्या पानापर्यंत वाचून बाई थांबल्या. "पुढे काय झालं असेल?" पालक लाजतात, कोणी बोलेना. भू. कधी चार माणसांत तोंड उघडत नाही. तो हळूच म्हणाला, "निघून गेली."
बाईंनी पान उलटलं. वाचलं. आवाज चढवला नाही की पाडला नाही.
मी खाली सतरंजीच्या पट्ट्या बघत होते. लाल, निळी, लाल. बाकीची चार पानं ऐकलीच नाहीत.
पुढचं पुस्तक एका पोराचं, कुकरची शिट्टी उडाल्याचं. सगळे हसले. भू. पण हसला, सगळ्यांच्या नंतर.
रस्त्यानं तिघं घरी आलो. दि. मध्ये.

१४, रवि.
सकाळी चहा घेतला नाही त्यानं.
"माय, खरं शे का हाई?" हे खरं आहे का, गावच्या बोलीत विचारलं.
"पोर आहे. काहीही आठवतं तिला."
उठला. दार लोटलं, हात वर केला, वरची कडी घातली. काढली. पुन्हा घातली. वीतभर पोरीचा हात तिथं काय पुरणार, ते दिसतच होतं.
"तू म्हणालीस, तिनं मागं वळून पाहिलं नाही."
"हो मग."
"दार आतून लावलेलं होतं. तुला दिसलं कसं?"
म्हटलं, तुझ्यासाठीच केलं. म्हणाला, माझ्यासाठी काही करू नकोस आता. मग फोन घेऊन खाली गेला. किती वेळ बोलला, कोणाशी बोलला, मला सांगितलं नाही. मी दाराबाहेरच्या गॅलरीतून पाहिलं, पाठ होती.

१५, सोम.
डबा केला. तसाच ठेवून गेला. मी खाल्ला. अन्नाशी काय वैर?
दि. शी भांडण नाही. ती वेणी घालून घेते माझ्याकडून, जेवते, पांघरूण मागते. पण पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवत नाही आता. मनात वाचते, ओठ हलतात फक्त.

१६, मंगळ.
दि. नं दुसरं पुस्तक करायला घेतलंय. बाई म्हणाल्या म्हणे, आठवत नसेल ते बनवू नका, तिथं जो होता त्याला विचारा. शिकवतात बघा काय काय.
दुपारी समोर येऊन बसली. कागद मांडीवर, पेन्सिल तासलेली.
"आजी, कडी लावल्यावर मम्मीनं दार किती वेळ वाजवलं?"
"काम आहे मला. दिसत नाही?"
"मी थांबते."
एका पदराचे स्टोन लावून झाले. दुसरी साडी घेतली. गोंद बोटांवर वाळला. पोर उठली नाही, कुरकुरली नाही. पान कोरं ठेवून माझ्या तोंडाकडे बघत बसली.
किती वेळ वाजवलं ते मला माहीत आहे. तिला सांगितलं नाही. इथंही लिहीत नाही.
ती बसलीच आहे.