दोनच टाके

छकुले,

यंदाच्या सुट्टीसाठी बाळाला पुन्हा तोच बर्फाचा बाहुला क्रोशाने विणलाय. पांढरी लोकर, लाल मफलर, पोटात गच्च कापूस. तीनदा डोळ्यांपर्यंत आले आणि तीनदा उसवला.

मागच्या वर्षी तू फोनवर बजावलं होतंस, "आई, डोळ्यांना बटणं नको, बाळ सगळं तोंडात घालतं." मी म्हटलं, "चार पोरं वाढवलीत मी, मला शिकवू नकोस." बटण बाळाच्या घशात अडकलं, तेव्हा दवाखान्यात मीच सगळ्यांसमोर म्हणाले, "मी पक्कं शिवलं होतं, हिनेच धुताना सैल केलं असेल."

ते खोटं होतं. दोरा संपत आला होता. नवा ओवायचा कंटाळा केला आणि दोनच टाके घातले. बाळ वाचलं, पण तू मला दार बंद केलंस. बरोबरच केलंस.

हे पत्रही आधीच्या चारांसारखं लोकरीच्या डब्यातच राहील. लिहून होतं, टाकायला पाय उचलत नाही.

यंदा बाहुल्याला डोळे लावलेच नाहीत, दोऱ्याचेसुद्धा नाहीत. त्याला काही दिसलं नाही तरी चालेल गं. मला एकदा लांबूनच बाळाला बघू दे.

तुझी कामचोर,
आई