डब्यावरची सही

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
१२ जानेवारी २००३

ती. हेमाताईस,
शि. सा. न.

तू पाठवलेले डिंकाचे लाडू पोचले आणि रात्रीतून गायबही होऊ लागले. घरात आम्ही नवराबायको दोघंच. कुमुद माझ्याकडे बघून हसायची, मी तिच्यावर संशय घ्यायचो. शेवटी ऑफिसची पद्धत वापरली. झाकणावर कागदाची पट्टी चिकटवली, सही केली, तारीख घातली. सकाळी पट्टी फाटलेली, दोन लाडू कमी, आणि वर नवी पट्टी. तिच्यावर माझीच सही, तारीख दुसऱ्या दिवसाची.

मला यातलं काहीही आठवत नाही. कुमुद पोट धरून हसली, मग एकदम उठून स्वयंपाकघरात गेली. ताई, अण्णाही शेवटी असेच विसरायला लागले होते ना? काल डॉक्टरीणबाईंकडे गेलो, पण पित्ताचं औषध घेऊन परत आलो. खरं सांगायची भीती वाटली.

तुझा,
श्रीरंग


पुणे
१९ जानेवारी २००३

चि. श्रीरंगास,
अ. उ. आ.

चोराने पंचनाम्यावर स्वतः सही केलेली मी प्रथमच ऐकली. पत्र वाचून मीही घाबरले, खोटं कशाला सांगू. पण अण्णांना माझं, पोटच्या मुलीचं, नाव आठवत नव्हतं. तुला बारानंतर तारीख बदलते हे झोपेतही कळतं.

दिवाळीपासून तू झोपेची गोळी घेतोस आणि वजनासाठी रात्रीचं जेवण सोडलंस, असं कुमुद फोनवर म्हणाली. लाडू मात्र पाहुण्यांसाठी म्हणून मागवलेस. हे सगळं डॉक्टरीणबाईंना सांग. तोंडाने सांगवत नसेल तर दोन्ही पट्ट्या त्यांच्या टेबलावर ठेव. जन्मभर कागदच पुढे सरकवलेस, आणखी दोन सरकव.

कुमुदला आशीर्वाद.

तुझी,
ताई


लक्ष्मीबाई नगर
१६ फेब्रुवारी २००३

ती. ताईस,
शि. सा. न.

कुमुदला घेऊन गेलो, पट्ट्या टेबलावर ठेवल्या. बाई हसल्या नाहीत. गोळी कधीपासून, रात्री काय जेवता, सगळं विचारलं. या गोळीने काही जण झोपेत उठून खातात आणि सकाळी आठवत नाही, म्हणाल्या. अण्णांचा आजार हा नव्हे. मला तिथेच रडू आलं. तेव्हा कुमुदने सांगितलं की एका सकाळी तिला गॅसवर गरम कढई सापडली होती. मी खचेन म्हणून ती बोलली नव्हती.

बाईंनी गोळी बदलली, रोज वेळेवर जेवायला लावलं, आणि गॅस रात्री सिलिंडरपाशीच बंद करायला सांगितला. तीन आठवडे एकच पट्टी शाबूत होती. काल कुमुदसमोर, जागेपणी, मीच ती फाडली.

ताई, एवढे लाडू खाल्ले पण चव कालच कळली. जायफळ थोडं जास्त झालंय.

माया आहे तशीच ठेव, आणि रिकाम्या डब्याकडेही लक्ष असू दे.

तुझा,
श्रीरंग