लायलने जोडलेले शेवटचे शॉक कोणी वापरू नयेत

मी, व्हर्ना मे ट्रेगेन्झा, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा जुन्या मोटारसायकलींच्या मागच्या शॉक-अॅब्सॉर्बरची दुरुस्ती, राहणार वॉलरू, दक्षिण ऑस्ट्रेलिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. बिघाड स्वादुपिंडात आहे, आणि डॉक्टरांच्या मते येता उन्हाळा मी बघणार नाही. मला कोणी धाक दाखवलेला नाही की भरीस पाडलेलं नाही. तसं करण्याइतकं जवळ आता कोणी उरलेलंही नाही. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात सगळं नवऱ्याच्या, लायलच्या, हवाली केलं होतं. माझ्यामागे तो सांभाळेल असं तेव्हा धरून चालले होते.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी श्रीमती रॉसलिन हॉकिंग यांनी करावी. त्या इथल्या पोस्टातून निवृत्त झाल्या आहेत. आमची जड पार्सलं त्यांनी आयुष्यभर उचलली. मी विचारलं तेव्हा रॉसलिन म्हणाली, "अगं, मला कायद्यातलं काय कळतंय?"

"पार्सल ज्याचं त्याला पोचवायचं, एवढंच आहे."

"पार्सल हरवलं की लोक मला शिव्या घालायचे, व्हर्ना."

"या वेळी शिव्या घालायला कोणी येणार नाही."

शेवटी ती हो म्हणाली.

२. घर, मागची पत्र्याची शेड आणि बँकेतली शिल्लक लायल हयात असेतोवर त्याच्या देखभालीसाठी वापरावी. तो कडीनाच्या वृद्धाश्रमात आहे. घर विकावं लागलं तर विकावं, पण त्याची खोली खिडकीचीच राहावी. त्याच्यानंतर जे उरेल ते आमची मुलगी जेनेल, राहणार पर्थ, हिचं. जेनेल, "आई, त्या गाड्या आता चालवतं कोण?" असं तू फोनवर म्हणालीस आणि मी फोन ठेवून दिला. तू बरोबर बोलत होतीस, म्हणूनच राग आला.

३. धंद्याचं नाव कोणालाही वापरू देऊ नये. विशेषतः बॅरी नॅनकिव्हेल यास. कारण लिहून ठेवते.

जुन्या गाड्यांचे मूळचे शॉक कंपन्यांनी बनवायचे कधीच सोडले. लोक मग दुसऱ्या कोणीतरी बनवलेले बदली शॉक विकत घेतात, आणि ते कोणाच्याच गाडीला धड बसत नाहीत. आम्ही तसले शॉक जुन्या सामानाच्या बाजारातून, मेलेल्या माणसांच्या शेडमधून विकत आणायचो, उघडायचो, सील नि तेल बदलून, गॅस भरून, ज्याच्या गाडीला लावायचे त्याच्या वजनाला जुळवून द्यायचो. मी उघडायची, लायल जोडायचा. वजन खरं कळल्याशिवाय स्प्रिंग निवडता येत नाही आणि खरं वजन कुठलाच पुरुष सांगत नाही, म्हणून दाराशी काटा ठेवला होता. बॅरी मोटारसायकल क्लबचा सेक्रेटरी. एकदा चारचौघांना घेऊन आला आणि म्हणाला, "ऐंशी किलो लिही."

लायल म्हणाला, "बॅरी, ऐंशी किलोचं तर तुझं नुसतं पोट आहे. चढ काट्यावर."

सगळे हसले. बॅरीही हसला. पण त्याने ते डोक्यात ठेवलं.

४. लायल विसरायला लागला तेव्हा आधी माणसांची नावं गेली. हात बरीच वर्षं शाबूत होते. शॉकच्या आत पातळ पोलादी चकत्यांची चळत असते. तिचा क्रम चुकला तर दांडा नीट परतत नाही, एक बाजू कडक आणि एक बाजू ढिली होते, आणि गाडी वळणावर शेपूट हलवून माणसाला फेकून देते. तो क्रम लायलच्या बोटांत होता. मग तोही गेला. एक जोडी तशीच बाहेर पडली. ज्याला मिळाली त्या भल्या माणसाने ती गुपचूप परत पाठवली. बॅरीने मात्र क्लबात सांगितलं, "ट्रेगेन्झाचे शॉक आता त्याच्या डोक्यासारखे झालेत." हे त्याच्या तोंडचे शब्द आहेत. मी तिथेच, चहाच्या टेबलाशी उभी होते.

त्यानंतर लायल दिवसभर जोडायचा आणि तो झोपला की मी उघडून पुन्हा जोडायची. सकाळी तो दांडा दाबून बघायचा, खूश व्हायचा. "बघ व्हर्ना, कसा सावकाश येतोय." मी म्हणायची, "तुझा हात आहे तो."

एक दिवस मी दुकानातून पाव घेऊन शेडमध्ये शिरले, तर त्याने टोपी काढली.

"बसा बाई. शॉक घेऊन आलात का? बायको बाहेर गेलीय, येईल एवढ्यात. पावती तीच करते."

मी बसले. म्हटलं, "तुम्ही स्वतःच जोडता का हो?"

त्याने दाराकडे बघून आवाज खाली केला. "मी जोडतो, पण ती मागाहून उघडून परत जोडते. तिला वाटतं, मला कळत नाही. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. तिला सांगू नका हं."

संबंध संसारात त्याने माझ्या कामाला चांगलं म्हटलेलं मला आठवत नाही. आणि म्हटलं ते एका परक्या बाईजवळ.

५. त्या दिवसापासून त्याने जोडलेलं मी उघडलं नाही. गिऱ्हाइकांना नवे बदली शॉक विकत घेऊन, जुळवून पाठवत राहिले, आणि त्याचे एका पेटीत ठेवत गेले. पेटी लेथ मशीनच्या खाली आहे. दिसायला ते शॉक सुंदर आहेत, पण आत काहीच बरोबर नाही.

गेल्या महिन्यात बॅरी आला. टोपी हातात घेऊन म्हणाला, "व्हर्ना, लायलचे शेवटचे शॉक तुझ्याकडे आहेत म्हणे. मला दे. क्लबात काचेत ठेवीन."

"काचेत किती दिवस राहतील?"

"म्हणजे?"

"म्हणजे कोणीतरी काढून गाडीला लावेल, आणि लायलचं नाव एखाद्याच्या प्रेतावर लागेल."

"तू अजून ते मनात धरून बसलीस होय? अगं, गंमत केली होती."

"हो, धरून बसलेय. मरेपर्यंत धरणार आहे. फार दिवस नाहीत, तेवढं सोस."

तरी रॉसलिनने या पेटीतला एकही शॉक कोणाला देऊ नये, विकू नये. डोळ्यांवर चष्मा लावून आधी प्रत्येकाचा गॅस सोडावा, नाहीतर कापताना अंगावर येईल. मग दांडे करवतीने कापून सगळं भंगारात घालावं. हे काम मीच करायला हवं होतं. दोनदा पेटी बाहेर ओढली आणि दोनदा परत ढकलली.

६. हत्यारं: घ्यायला कोणी नाही. तंत्रशाळेतल्या साहेबांनी सांगितलं की हा विषय आता शिकवत नाहीत. अॅडलेडहून एक जण आला, त्याला फक्त लेथ हवं होतं आणि तेही सुटे भाग काढायला. त्याला द्यायचं नाही. लेथ कडीनाच्या निवृत्त म्हाताऱ्यांच्या मंडळाला द्यावं. ते त्यावर खेळण्यांची चाकं करतील. करू देत. गॅसची बाटली भाड्याची आहे, ती परत करावी. स्प्रिंग दाबायचा शिकंजा लायलने स्वतः बनवला होता. तो कशाचा आहे हे बघणाऱ्याला कळणार नाही, तेव्हा तोही भंगारात.

७. लायलची ट्रायम्फ मोटारसायकल या मृत्युपत्रात नाही. ती त्याच्या खोलीसाठी विकली. घेणाऱ्याने बॅलरॅटहून फोन केला, फार आनंदात होता. "नवे चकचकीत शॉक टाकले, बाई. जुने फेकून दिले, फारच कळकट झाले होते." ते लायलने आमच्या लग्नाच्या वर्षी जोडले होते आणि अजून ठणठणीत होते. मी म्हटलं, "गाडी सांभाळून चालवा." दुसरं काय म्हणणार?

८. मला जाळावं. भाषणं नकोत. राख जेट्टीवरून टाकू नये, तिथे लोक खेकडे धरतात. कुठे टाकायची ते रॉसलिनने तिच्या सोयीने ठरवावं, मला आग्रह नाही. क्लबाकडून फुलं आली तर घ्यावीत आणि बॅरीचं नाव असलेली चिठ्ठी काढून टाकावी.

९. कच्च्या मसुद्यात इथे एक मोठं कलम होतं. माझ्यामागे लायलने माझ्याबद्दल विचारलं तर त्याला काय सांगायचं, काय नाही, मी गेले हे एकदा तरी सांगायचं की नाही, रडला तर कोणाला बोलवायचं, असं सगळं त्यात लिहिलं होतं. चार वेळा खोडून चार वेळा लिहिलं. काल तो कागद घेऊन आश्रमात गेले आणि तिथल्या परिचारिकेला, अनीला बाईंना, वाचायला दिला. त्यांनी शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला.

"मिसेस ट्रेगेन्झा," त्या हळूच म्हणाल्या, "ते आता कोणाबद्दलच विचारत नाहीत. बरेच महिने झाले."

"माझ्याबद्दलही नाही?"

त्यांनी माझा हात धरला.

लायल खिडकीशी बसला होता. मी शेजारी बसले. त्याने माझ्याकडे बघितलं, सभ्यपणे मान हलवली आणि पुन्हा बाहेर बघायला लागला.

तेव्हा या कलमाची गरज उरलेली नाही. ते गाळलं आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून, खालील दोघांच्या समक्ष सही केली. त्यांनी माझ्या आणि एकमेकांच्या समक्ष केली. या दोघांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

सही: व्हर्ना मे ट्रेगेन्झा

साक्षीदार: १. नेव्हिल रॉबर्ट चिनोवेथ, औषधविक्रेते, वॉलरू
२. ग्लेनिस जोन पेंगिली, गृहिणी, वॉलरू

स्थळ: वॉलरू
दिनांक: १४ जून २०१९