रबराचं काम कोणाचं

अमरावती, ४ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
गीतांजलीचा शि. सा. न. वि. वि.

मी फोन उचलत नाही म्हणून आई रडते, असं दादानं कळवलं. बोलले तर नको ते तोंडातून जाईल, म्हणून लिहिते.

वांगी आणि सांभाराच्या हिरव्या जुड्यांची थैली घेऊन तुम्ही माझ्या मार्गदर्शक सरांकडे गेलात, ठीक. पण 'पोरीनं काय केलं, सारं तुमचंच' असं कशाला म्हणालात? आपल्याकडे तशी रीत आहे, आणि समोरच्यानं लगेच 'छे, छे' म्हणायचं असतं. सरांनी म्हटलं नाही. शोधनिबंधावरून माझं नाव काढलं, वर सांगितलं की तुझे वडीलच कबूल करून गेले.

रबर ताणलं की आतले गुंतलेले धागे सरळ होतात, जुळतात, त्यांचे स्फटिक बनतात. सोडलं की विरतात, पण ज्या ताणावर बनले तिथं नाही, बरंच सैल झाल्यावर. तो उशीर गणितात बसवण्यात माझी वर्षं गेली. सर तर नाद सोड म्हणायचे. आता नाव त्यांचं, माझी पीएचडी अडली. मला तुमचा भयंकर राग आला आहे.

रागातही लोभ आहेच.
गीतांजली

बाळापूर, जि. अकोला, ९ फेब्रुवारी

चि. गीतांजलीस, सूर्यभानचे आशीर्वाद.

बापाला असं पत्र लिहितात का? मी जेवलो नाही. तुझी आई म्हणे, पोर खरं तेच लिहून राहिली. तिच्यावरही ओरडलो.

काल अमरावतीला येऊन गेलो. तू अडवलं असतं, म्हणून सांगितलं नाही. सरांजवळ विभागप्रमुख बाई बसल्या होत्या. सर हसून म्हणाले, रबराचं तुम्हाला काय समजणार. मी उभ्यानंच बोललो, "मले नाही समजत. त्या दिवशी मी रीतीनं बोललो, पोरीचं काम तुमच्या नावावर करून नाही देल्लं. काम तिचं हाय." माझा आवाज वावरातला, बाहेर पोरं जमली. सरांनी मला अडाणी म्हटलं. म्हणू दे.

मी चुकलो असं लिहिणार नाही. वेळेवर जेवत जा, माया असू दे.
सूर्यभान

अमरावती, २१ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या आरडाओरड्याची मला लाज वाटली, पण त्यामुळेच बाईंनी समिती बसवली. सरांना विचारलं, तो उशीर समीकरणात आला कसा? ते संगणकात फाइल शोधू लागले. मी फळ्यावर मांडून दाखवलं. आता निबंधावर पहिलं नाव माझं आहे. सरांनी मात्र मार्गदर्शन सोडलं. दुसरं कोणी मिळेपर्यंत सगळं अडून राहील, तेव्हा खूश होऊ नका.

बाईंनी विचारलं, नाव कसं छापायचं? इथं बहुतेक जण मधलं नाव गाळतात. राग अजून आहे, बाबा. तरी मी पूर्ण लिहून दिलं : गीतांजली सूर्यभान निमकर्डे.

आईला नमस्कार. आज फोन करा, उचलते.
गीतांजली